जिवाणूचं विकर: मोजून द्यावं, मोजून पाहावं

न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या जॉन किड यांचं १९५३ सालचं निरीक्षण मोठं गमतीचं आहे. उंदरांच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर ते सशाची प्रतिपिंडं टोचून पाहत होते आणि जोडीला गिनीपिगचं सीरम देत होते. गाठी विरघळल्या. पण प्रतिपिंडं न देता गिनीपिगचं सीरम दिलेल्या उंदरांच्याही विरघळल्या! सीरममधला गुणकारी पदार्थ अस्परॅजिनेज हे विकर आहे, हे जॉन ब्रूम यांनी १९६१मध्ये मांडलं. औषधापुरते गिनीपिग आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. १९६४मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी तो सोडवला: ई. कोलाय जिवाणूचं विकरही तेच काम करतं.

अस्परॅजिन हे अमिनो आम्ल आपल्या बहुतेक पेशी स्वतः तयार करतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही. त्या रक्तातलं उचलतात. विकर रक्तातलंच अस्परॅजिन फोडून टाकतं. घरी चूल नसलेल्याची खाणावळ बंद करावी, तसा हा प्रकार.

झळ मात्र यकृतालाही लागते. तिथं रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन कमी बनतं आणि गोठणं आवरणारं अँटिथ्रॉम्बिनही. म्हणजे रक्तस्रावाची भीती आणि गुठळीचीही. गुठळी कधी थेट मेंदूच्या शिरेत होते. स्वादुपिंडाला सूज येते, बिलिरुबिन वाढतं, सोबत स्टेरॉइड असेल तर साखर चढते. शिवाय हे परकं प्रथिन, त्यामुळे ॲलर्जी आलीच. तशा रुग्णाला एर्विनिया या दुसऱ्या जिवाणूचं विकर देता येतं.

मला सर्वांत घातक वाटतो तो न दिसणारा प्रकार. अंगावर पुरळ नाही, दम नाही. पण शरीरातली प्रतिपिंडं विकर निकामी करून बसलेली असतात. मूल ठणठणीत दिसतं आणि उपचार वाया जातो. म्हणून रक्तातली विकराची क्रियाशीलता तपासायची. ती मिलिलिटरमागे किमान ०.१ युनिट हवी.

त्रास होतो म्हणून डोस गाळणंही महागात पडतं. अमेरिकेतल्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेच्या एका अभ्यासात ३० आठवडे विकर द्यायचं ठरलं होतं. निदान २६ आठवडे ते घेऊ शकलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के पाच वर्षांनंतरही आजार न उलटता बरी होती. त्याहून कमी घेतलेल्यांत हे प्रमाण ७३ टक्के होतं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या ई. कोलाय अस्परॅजिनेजच्या जेनेरिक औषधांचा दर्जा समाधानकारक नसल्याचं कोलकात्याच्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवून दिलं. स्वस्त कुपीत जोरच नसेल, तर ती स्वस्त कसली? क्रियाशीलतेची तपासणी सरकारी योजनांत आणि प्रत्येक कर्करोग केंद्रात मिळायलाच हवी.

आईवडिलांना एवढंच सांगणं: इंजेक्शननंतरच्या दिवसांत पोटात कळ येऊन पाठीकडे गेली, उलट्या थांबेनात, डोकं सतत दुखलं किंवा मूल गुंगीत गेलं, तर ओवा-हिंग करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस चुकवू नका.