जुनी पेटी घेताना

होळकरांच्या काळी इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी कित्येकांच्या माळ्यावर अजूनही बाजाची पेटी सापडते. आजोबा भजनाला बसत. नातू नोकरीनिमित्त परगावी गेलेला. जुन्या इंदुरातील वाडा रिकामा करावयाची वेळ आली की तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर पेटीही ओटीवर येते आणि मोडीच्या भावाने निघून जाते. विकणाराला आपण काय दिले याची गंधवार्ताही नसते.

पेटीतील खरा ऐवज म्हणजे तिचे सूर. पितळी पट्टीवर एका टोकाशी जखडलेली पातळ जीभ भात्याच्या वाऱ्याने कंप पावते, तिलाच सूर म्हणतात. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातपेटी प्रचारात आणली, तरी उत्तम सूर पुढेही दीर्घकाळ परदेशातूनच येत. पॅरिसचे कासरिएल आणि जर्मनीचे ज्युबिलेट हे सूर जाणते वादक आजही नाव घेऊन विचारतात. आपल्याकडे गुजरातेत पालिताण्याला सूर तयार होतात. तेव्हा विकणाराने आधी झाकण उघडून आतील पट्ट्यांवरचे नाव वाचावे. नव्या पॉलिशवर मात्र पैसे घालू नयेत. जाणता ग्राहक त्याने उलट साशंक होतो.

घेणाराने प्रथम भाता भरावा आणि एकही पट्टी न दाबता स्वस्थ बसावे. भाता झरझर खाली आला तर कोठेतरी वारा निसटतो आहे. पट्टी न दाबताच एखादा सूर वाजू लागला, तर तिच्याखालचे कातडे झिजलेले किंवा उंदराने कुरतडलेले असावयाचे. हे दोष कारागीर थोडक्या खर्चात दूर करतो. जिभा मात्र निरखून पाहाव्यात. सूर चढवावयाचा तर जीभ टोकाशी खरवडतात, उतरवावयाचा तर मुळाशी. दर वेळी धातू कमी होतो. फार खरवडलेली जीभ ऐन मैफलीत तुटते, आणि तिच्या जोडीची मिळणे कठीण.

याहून अवघड प्रश्न पट्टीचा. फ्रान्सने १८५९ साली मूळ स्वर ४३५ कंपनांचा ठरविला. १९३९ पासून ४४० कंपनांचे प्रमाण मान्य झाले. हा फरक अर्ध्या स्वराच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा. एकट्या गायकाच्या साथीला त्याने काही बिघडत नाही, पण नव्या पेटीशेजारी अशी जुनी पेटी कानाला खुपते. स्पेनमधील गॅलिसियात गायता नावाचे पिशवीचे वाद्य आहे. तेथेही जुने वाद्य घेणारा आधी ते कोणत्या पट्टीचे, हेच विचारतो. जुने सूर नव्या प्रमाणाला आणण्याच्या हट्टाने पुष्कळ चांगल्या पेट्या वाया गेल्या आहेत.

आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले होते. इंदूर केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले तेव्हाही ती बाहेरच होती. १९७१ पासून बंदी सैल झाली. घरोघरच्या भजनांतून तिचे आसन मात्र कधी हलले नाही.

सौदा शक्यतो पावसाळ्यात करू नये. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि धडधाकट पेटीही रोगट भासते. माळव्याच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून दबलेल्या फटी उघड्या पडतात. वैशाख अमावास्येला शनिजयंती येते, त्या सुमारास भाता भरून पाहावा.