व्हिसा म्हणजे ‘पाहिलेला’

लॅटिनमध्ये ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. त्यावरून ‘कार्ता विसा’, म्हणजे नजरेखालून घातलेला कागद. फ्रेंचमार्गे येताना कागद गळाला, ‘व्हिसा’ तेवढा उरला. संस्कृत ‘विद्’ धातूही त्याच मुळाचा. तेव्हा वेद आणि व्हिसा दूरचे भाऊबंदच! मराठीत पासपोर्टसाठी ‘पारपत्र’ थोडेफार रुळले. व्हिसासाठीचे ‘प्रवेशपत्र’ मात्र परीक्षेच्या हॉलतिकिटाने पळवले. जुन्या कागदपत्रांत वाटेवरच्या चौक्यांना दाखवायचा परवाना म्हणजे ‘दस्तक’. त्यात फारसी ‘दस्त’, म्हणजे हात. तिकडे डोळा, इकडे हात.

जुन्नर-आंबेगावच्या घाटवाटांना वाटसरूंची तपासणी नवी नसावी. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे आजही सांगतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर एक माषक घेऊन प्रवासमुद्रा देणारा ‘मुद्राध्यक्ष’ आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत तीन यवन, म्हणजे परदेशी, दाते भेटतात. त्यांतल्या इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. ते कुठली मुद्रा दाखवून घाट चढले, हे काही त्यांनी कोरून ठेवलेले नाही.