खारपाणपट्ट्यातला टायटॅनियमचा दात

पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी लोखंडाला फार दिवस सुखानं राहू देत नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या खारपाणपट्ट्यातल्या गावांना क्षारांचा हा त्रास नवा नाही. तोंडातल्या लाळेतही क्षार असतात. तिच्यात क्लोराइड असतं, जेवणानंतर आम्ल वाढतं आणि दातांच्या फटीत जिवाणूंचा थर साचतो. तरीही अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू वर्षानुवर्षं तिथे टिकतो.

१९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर त्यांचं टायटॅनियमचं उपकरण हाडातून सुटेना, कारण हाड त्याच्याशी एकजीव झालं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले.

या धातूचं बळ त्याच्या सालीत आहे. हवा किंवा पाणी लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर धरतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते, पण क्लोराइडला तो दाद देत नाही. ओरखडा पडला, तर थर क्षणात पुन्हा तयार होतो.

त्याचा खरा वैरी आहे आम्लातलं फ्लोराइड. फ्लोराइड आणि आम्ल एकत्र आली की हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं. त्याचं प्रमाण सुमारे ३० पीपीएमच्या वर गेलं की ऑक्साइडचा थर तुटू लागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. विदर्भातल्या काही गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड आहे, म्हणून इम्प्लांट बसवलेल्या माणसाने घाबरून जायचं कारण नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. पाण्यात फ्लोराइड त्याहून जास्त असेल, तर ते दातांना आणि हाडांना अपाय करतं. पण तेवढ्याने टायटॅनियम झिजत नाही. दवाखान्यात दातांना लावतात ते आम्लयुक्त फ्लोराइड जेल मात्र वेगळं. त्यात फ्लोराइड १.२३ टक्के असतं आणि त्याचा सामू साडेतीनच्या आसपास. म्हणून जेल लावण्याआधी इम्प्लांट आहे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

काही इम्प्लांटवर वरून सिरॅमिकचा लेपही देतात. हाडाच्या खनिजाशी जवळीक असलेलं हायड्रॉक्सीअपॅटाइट प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेतून स्क्रूवर फवारतात. त्याचा थर साधारण ५० मायक्रोमीटर जाड असतो. हाड त्याला लवकर धरतं. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर याहून खूप पातळ आणि कठीण असतो. तो बहुधा हिरडीतून वर येणाऱ्या भागावर देतात.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यासारखी गत इथेही होऊ शकते. टायटॅनियमची साल स्वतः भरून येते, सिरॅमिक भरून येत नाही. फवारणीत काही हायड्रॉक्सीअपॅटाइट काचेसारखं अस्ताव्यस्त राहतं आणि शरीरातल्या द्रवांत विरघळतं. स्क्रू पिळून हाडात बसवताना लेप घासतो, भेगा पडतात, कधी पापुद्रा सुटतो. त्या फटीत आम्ल साचतं. म्हणून विजेच्या साहाय्याने धातूतूनच ऑक्साइड वाढवण्याची पद्धत मोलाची ठरते. हा थर बाहेरून चिकटवलेला नसून मुळातून उगवलेला असतो.

गंजरोधकता मोजायची रीत अशी: कृत्रिम लाळेत नमुना बुडवायचा, त्याच्या शेजारी दोन विद्युत अग्रं ठेवायची आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत किती प्रवाह वाहतो ते पाहायचं. प्रवाह जितका कमी, तितकी झीज कमी. पण शांत भांड्यातला हा आकडा पुरेसा नाही. रोजच्या चावण्यात इम्प्लांट आणि त्यावरच्या जोडाच्या सांध्यात सूक्ष्म हालचाल होते. घासणं आणि गंजणं दोन्ही मिळून धातूचे कण सुटतात. लेपाची परीक्षा त्या घर्षणातही व्हायला हवी.

वऱ्हाडात याहून मोठा प्रश्न सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचा आहे. सुपारीने तोंड उघडणंच कमी होत जातं. अशा तोंडात इम्प्लांट बसवायला हात घालणंही अवघड. धूम्रपानानेही इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे महागड्या लेपाचं नाव ऐकून भारावून जाण्याआधी रुग्णाने तीन गोष्टी विचाराव्यात: लेप कशाचा आहे, तो धातूला किती घट्ट धरतो आणि स्वच्छतेसाठी मला दर किती महिन्यांनी यायचं? मग घरी गेल्यावर खर्ऱ्याची पुडी कायमची बंद करावी. कोणताही लेप तिची भरपाई करू शकत नाही.