घरापर्यंत आलेला उपचार

घरचा तरुण स्वतःशीच पुटपुटू लागला, कोणी नसताना आवाज ऐकू लागला, की त्याला ‘वेडा’ म्हणून आम्ही मोकळे होतो. बुऱ्हाणपुरात काय, आमच्या खेड्यांत काय, रीत एकच! वस्तुतः स्किझोफ्रेनिया हा आजार आहे. ती करणी नव्हे, शापही नव्हे.

बुऱ्हाणपूर ज्या निमाडात आहे, त्याच निमाडातील बडवानी येथे कुष्ठरोग्यांसाठी झटणाऱ्या आशाग्राम संस्थेने मनोरुग्णांनाही जवळ केले. औषधे तर दिलीच; शिवाय गावातीलच माणसे शिकवून रुग्णांच्या घरी पाठविली, कुटुंबांच्या समित्या उभारल्या. २०७ रुग्णांचा हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. १२ महिन्यांत, केवळ दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा घरी भेट मिळालेले रुग्ण अधिक सुधारलेले आढळले.

या आजारात आत्महत्येचा धोका मोठा. ‘जगावेसे वाटत नाही’ हे शब्द कानी पडताच रागावू नये. रुग्णाला एकटे न सोडता डॉक्टरांना गाठावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

कुष्ठरोग्याच्या शेजारी बसावयास आम्ही हळूहळू शिकलो. मनोरुग्णासाठी पाट मांडावयास आणखी किती वर्षे लावणार?