रिक्त घराचा अर्थ : मूलद्रव्यांची सारणी आणि वर्णमाला

कोष्टकातील एखादे घर रिकामे असेल, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? तेथे काहीच नाही असा, की जे आहे ते अद्याप सापडलेले नाही असा? भाषेच्या अभ्यासकास हा प्रश्न परिचित आहे. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीस तो लावून पाहिला असता त्या सारणीची घडण चांगली उमगते.

आपल्या वर्णमालेतील 25 स्पर्शवर्णांची मांडणी दुहेरी आहे. आडव्या ओळीत उच्चारस्थान एक असते आणि उभ्या स्तंभात प्रयत्न एक असतो. घ, ध, भ हे घोष व महाप्राण म्हणून एका स्तंभात येतात. वर्णाचे घर कळले की त्याचा स्वभाव कळतो. आवर्त सारणीचे बळही हेच होय. 1869 मध्ये दिमित्री मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञांनी ज्ञात मूलद्रव्ये सामान्यतः अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठराविक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा पुन्हा प्रकट होताना दिसले. लिथियम, सोडियम व पोटॅशियम हे तिन्ही मऊ धातू असून पाण्याशी त्यांची क्रिया होते. म्हणून ते एका गणात बसतात.

जेथे क्रम आणि साम्य यांचा मेळ बसेना, तेथे मेंडेलीव्ह यांनी घर रिकामे सोडले. अशा अज्ञात मूलद्रव्यांस त्यांनी संस्कृत संख्यावाचक उपपदे योजून नावे दिली. सिलिकॉनच्या पुढील घराचे नाव ‘एक-सिलिकॉन’. त्याचा अणुभार सुमारे 72 व घनता 5.5 असेल, असे त्यांनी 1871 मध्ये वर्तविले. 1886 मध्ये विंक्लर यांना जर्मेनियम सापडले. त्याचा अणुभार 72.63 व घनता 5.3 आहे. या संस्कृत उपपदांवरून मांडणीची प्रेरणाही वर्णमालेतून आली, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. शब्द घेणे निराळे, रीत घेणे निराळे.

आता मराठीकडे पाहू. ‘चंद्र’ व ‘चाक’ यांतील चकार भिन्न आहेत. दुसरा दंततालव्य होय. ‘जहाज’ व ‘झाड’ यांतही असेच उच्चार आढळतात. परंतु ‘छ’चा दंततालव्य उच्चार प्रमाण मराठीत नाही. ते घर रिकामे आहे. तरी तो वर्ण कोठे तरी दडून बसला असेल, असे कोणी म्हणत नाही. भाषेची घरे इतिहासाने भरतात. ती सर्व भरलीच पाहिजेत, असा नियम नाही.

मग मूलद्रव्यांचे रिक्त घर भाकीत कसे ठरते? केवळ साम्यावर विसंबल्यास तेथेही फसगत होते. हायड्रोजनहून हलके ‘कोरोनियम’ असावे, हे मेंडेलीव्ह यांचेच अनुमान खोटे ठरले. अणुभाराचा क्रमही सर्वत्र चालत नाही : टेल्युरियमचा अणुभार 127.6, आयोडीनचा 126.9, तरी गुणधर्म पाहता टेल्युरियमच आधी ठेवावे लागते. या क्रमाचे कारण 1913 मध्ये मोस्ले यांच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांनी स्पष्ट झाले. क्रम अणुभाराचा नसून अणुकेंद्रावरील धन विद्युत्भाराचा, म्हणजेच प्रोटॉनांच्या संख्येचा आहे. टेल्युरियमचा अणुक्रमांक 52, आयोडीनचा 53.

ही संख्या पूर्णांकी असते, आणि सर्व भेद येथेच आहे. 42 व 44 यांच्यामध्ये 43 हा एकच अंक येतो. तेथील रिक्तता म्हणजे मोजणीतील खंड. ते घर 1937 मध्ये टेक्नेशियमने भरले. इलेक्ट्रॉनांच्या रचनेनुसार सातही ओळींची लांबी अनुक्रमे 2, 8, 8, 18, 18, 32, 32 अशी ठरते. त्यांची बेरीज 118; आणि त्या अंकाच्या मूलद्रव्यास 2016 मध्ये ओगानेसॉन हे नाव मिळाल्यावर एकही घर नामाविना उरले नाही.

तात्पर्य, सुबक कोष्टक हा स्वतः पुरावा नव्हे. वर्गीकरणातील रिकामी जागा केवळ प्रश्न उपस्थित करते. मोजणीतील रिकामी जागा उत्तराची ग्वाही देते. आपण आखलेले कोष्टक या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे, हे अभ्यासकाने रिक्त घरापुढे थांबताच स्वतःस विचारावयास हवे.