एमजीबी रोडस्टर : गंजाची तपासणी

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी रोडस्टरला वेगळी चॅसी नाही आणि पक्के छप्परही नाही. त्यामुळे गाडीचा ताण मुख्यतः दारांखालचे पोकळ सिल पेलतात. तपासणी तिथूनच सुरू करावी. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवर फिरवावे. ते चिकटले नाही, तर रंगाखाली पुट्टी असण्याचा संभव असतो. दाराची फट वरच्या बाजूला आवळत गेली असेल, तर गाडी मधोमध खचल्याची शंका घ्यावी. पुढच्या मडगार्डचा चाकामागचा भाग चिखल साचून आतून सडतो. गालिच्याखालचा तळ आणि सीटमागच्या बॅटरीच्या पेट्याही पाहाव्यात. वरवरचा गंज घासून निघतो. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो.