लेथची बैठक

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. वसईच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत नाव कमावणाऱ्या गंगाजी नाईकांचे अंजूर हे गाव त्याच्या शेजारीच आहे. या भागात मागाचा एखादा शाफ्ट झिजला, की तो लेथवर नवा कातून घ्यावा लागतो. तोवर माग बंद. आणि विणकराची मजुरी बहुधा विणलेल्या कापडावर ठरत असल्याने तीही बंद.

लाटणी आणि पाळण्याचे खांब घडवणारा कातारी लाकूड फिरवून कातीत असे. लेथ हेच काम धातूवर करतो. सळईचे एक टोक चकमध्ये आवळून ती वेगाने फिरवतात. धारदार हत्यार तिला टेकून तिच्या लांबीने सरकते आणि धातूचा कीस निघतो. हत्याराची चौकट ज्या लांब, जड बैठकीवरून सरकते, तिला बेड म्हणतात. हत्याराची वाट सळईच्या आसाशी समांतर असेल, तर शाफ्ट सर्वत्र सारख्या जाडीचा होतो. नसेल, तर गाजरासारखा निमुळता होतो. असा शाफ्ट बुशात एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल बसतो. मग माग पुन्हा थांबायला कितीसा वेळ लागणार?

हा दोष पुष्कळदा लेथच्या पायांखाली असतो. खाटेचा एक पाय आखूड असेल, तर खाट डुगडुगते. तोच पाय जमिनीशी करकचून बांधला, तर डुगडुग थांबते, पण चौकटीला पीळ पडतो. लेथचेही असेच होते. त्याचा बेड बिडाचा असतो. तो पिळेल असे पाहणाऱ्याला वाटतही नाही. परंतु उंचसखल जमिनीवर त्याचे बोल्ट आवळले, की तो केसाच्या जाडीहूनही कमी, पण निश्चित पिळतो. काम बिघडवायला तेवढे पुरेसे होते.

हा पीळ शोधण्यासाठी पाणसळ वापरतात. गवंड्याची पाणसळ येथे चालत नाही. येथे लागणाऱ्या पाणसळीचा बुडबुडा एक मीटर लांबीत ०.०२ मिलिमीटर चढ असला, तरी एक घर सरकतो. ती बेडवर आडवी, प्रथम चकच्या बाजूला आणि मग दुसऱ्या टोकाला ठेवतात. दोन्ही ठिकाणी बुडबुडा एकाच घरात थांबला पाहिजे. फरक दिसला, तर पायाखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून तो काढतात.

येथे एक गैरसमज होतो. लेथ जमिनीला समांतर हवा, असे अनेकांना वाटते. वस्तुतः जहाजांवरही लेथ असतात. जहाज लाटांवर डोलत असताना पाणसळीचा काय उपयोग? तरीही तेथे शाफ्ट सरळ कातले जातात, कारण बेडला पीळ नसतो. पाणसळ ही केवळ साक्षीदार आहे. खरा निवाडा सळईच करते.

त्यासाठी जाड सळईचे एकच टोक चकमध्ये धरतात. तिच्यावर दोन ठिकाणी, एक चकजवळ व एक मोकळ्या टोकाजवळ, रुंद कडी राखतात आणि हत्यार न हलवता दोन्ही कडी अगदी हलक्या हाताने कातून मायक्रोमीटरने मोजतात. मोकळ्या टोकाचे कडे जाड भरले, तर तेथे हत्यार आसापासून दूर गेले आहे. मग त्या टोकाचा पुढचा, म्हणजे कारागिराच्या बाजूचा, पाय किंचित उचलतात. बेड मागे कलतो आणि हत्यार आसाकडे येते. पुन्हा कातायचे, पुन्हा मोजायचे. हे काम घाईचे नव्हे.

लांब सळईच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार देतात. त्याचे टोकही आसावर आणावे लागते, पण ते मागाहून. पीळ तसाच ठेवून टेलस्टॉक सरकवणे म्हणजे दोष झाकणे होय.

खाडीकाठच्या भातखाचरांची चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तीवर घातलेली फरशीही तिच्याबरोबर हलते. म्हणून अशा जागी बसवलेल्या लेथवर जाणता टर्नर पावसाळा सरताच पुन्हा पाणसळ ठेवतो.